एमटीएस, ईजेबी, सीसीएम : तुलना कशाची करायची आणि या जातीला म्हणायचं काय

प्रश्न थोडक्यात असा. विमा व्यवसायातली एक जुनी प्रणाली आहे. हप्ते, पावत्या आणि शाखांचा हिशेब व्हीबी ६ (मायक्रोसॉफ्टची व्हिज्युअल बेसिक भाषा) मध्ये लिहिलेल्या आणि कॉम प्लसमध्ये (एमटीएसचं पुढचं रूप, विंडोजमधला कंपोनंट चालवणारा भाग) बसवलेल्या कंपोनंटमध्ये, म्हणजे स्वतंत्रपणे बसवता येणाऱ्या कोडच्या तुकड्यांमध्ये आहे. दावे आणि पुनर्विमा ईजेबी २.० मध्ये, म्हणजे जावाच्या सर्व्हरवरच्या कंपोनंटच्या मानकात, वेबलॉजिक या सर्व्हरवर. दोघांची देवाणघेवाण डेटाबेसातल्या एका टेबलातून चालते. आता सगळं स्प्रिंग बूट या आजच्या जावा चौकटीवर आणायचं ठरलंय आणि टीममध्ये वाद पेटलाय. एकजण कॉम प्लसला अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर म्हणायला तयार नाही, दुसऱ्याच्या मते ईजेबी म्हणजे नुसते रिमोट ऑब्जेक्ट, आणि तिसऱ्याने कुठून तरी कॉर्बा या जुन्या बहुभाषी मानकातल्या सीसीएमचं (कंपोनंट मॉडेलचं) नाव उकरून काढलंय. या सगळ्या गोष्टी एकाच जातीच्या का, त्या जातीला नाव काय, त्यांत सरस कोण होतं, आणि स्थलांतर करताना या चर्चेचा काही उपयोग आहे का, असं विचारलंय.

आधी उत्तर, मग कारणं. होय, तिन्ही एकाच जातीचे. जातीला सगळ्यात नेमकं नाव म्हणजे ‘कंपोनंट ट्रान्झॅक्शन मॉनिटर’. आज ते कोणी वापरत नाही, पण टीममधला वाद मिटवायला पुरेसं आहे. सरस कोण, याचं एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आणि उपयोग आहे, भरपूर आहे, कारण तुमच्या प्रणालीचे निम्मे नियम कोडमध्ये लिहिलेलेच नाहीत. ते या मिडलवेअरने (तुमचा कोड आणि डेटाबेस यांच्या मधल्या थराने) गृहीत धरलेले आहेत.

ही जात दोन वेगळ्या कुळांच्या संबंधातून जन्मली. पहिलं कूळ ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग मॉनिटरचं. ट्रान्झॅक्शन म्हणजे एकतर पूर्ण होणारा (कमिट) किंवा पूर्ण मोडणारा (रोलबॅक) कामांचा गट. आयबीएमचं सीआयसीएस १९६९ साली बाजारात आलं. टक्सीडो १९८३ पासून एटी अँड टीच्या बेल लॅब्जमध्ये घडत गेलं आणि नॉव्हेलमार्गे १९९६ मध्ये बीईए या कंपनीकडे पोचलं. या कुळाचं गणित बँकेच्या शाखेसारखं: खातेदार हजारो, पण खिडक्या चारच. प्रत्येकाला स्वतंत्र प्रोसेस किंवा डेटाबेसचं स्वतंत्र कनेक्शन मिळत नाही. काम आलं की मोकळी प्रोसेस ते उचलते, ट्रान्झॅक्शन सुरू करते, संपवते आणि पुढच्याकडे वळते. मोजक्या यंत्रसामग्रीवर प्रचंड गर्दी झेलण्याचं कसब या कुळाकडे होतं. पण प्रोग्रॅमरच्या हाती काय होतं? सेवेचं नाव आणि बाइट्सनी भरलेला बफर. ऑब्जेक्ट वगैरे काही नाही.

दुसरं कूळ ऑब्जेक्ट रिक्वेस्ट ब्रोकरचं. ओएमजी ही मानकं ठरवणारी संस्था १९८९ मध्ये स्थापन झाली, कॉर्बाची पहिली आवृत्ती १९९१ ची. मायक्रोसॉफ्टकडे कॉम ही ऑब्जेक्ट जोडण्याची पद्धत आणि १९९६ मध्ये विंडोज एनटी ४ बरोबर आलेलं तिचं नेटवर्कवरचं रूप डीकॉम. इथे ऑब्जेक्ट दुसऱ्या मशीनवर असला तरी तो जवळच असल्यासारखी मेथड हाक मारता येते. प्रोग्रॅमरला हे फार भावलं. सर्व्हरची मात्र दैना झाली. प्रत्येक क्लायंटसाठी सर्व्हरवर एक ऑब्जेक्ट जिवंत, त्याच्या पोटात डेटाबेसचं कनेक्शन, आणि क्लायंट जेवायला गेला तरी ते सोडायचं नाही. क्लायंट मेला की जिवंत आहे हे कळायला डीकॉम दर दोन मिनिटांनी पिंग मागत असे आणि लागोपाठ तीन चुकले की ऑब्जेक्ट काढून टाकत असे. म्हणजे बंद पडलेल्या पीसीचा ऑब्जेक्ट सहा मिनिटं जागा अडवून बसे. ट्रान्झॅक्शनचं काय? ते तुमचं तुम्ही बघा.

या दोघांचा संसार पहिल्यांदा जनतेसमोर मांडला तो मायक्रोसॉफ्टने. डिसेंबर १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्ट ट्रान्झॅक्शन सर्व्हर, म्हणजे एमटीएस, आला. पुढच्या वर्षअखेरीस त्याची दुसरी आवृत्ती एनटीच्या ऑप्शन पॅकमधून आली, तीही वेगळे पैसे न मोजता. जावा बनवणाऱ्या सनने ईजेबीचं पहिलं स्पेसिफिकेशन मार्च १९९८ मध्ये काढलं. एमटीएसचं नाव आणि अंग बदलून विंडोज २००० मध्ये कॉम प्लस झालं. ओएमजीचं कॉर्बा कंपोनंट मॉडेल, सीसीएम, कॉर्बा ३ बरोबर २००२ मध्ये अधिकृत झालं. तोवर वरातीतली मंडळी जेवून घरी गेली होती, पण त्याबद्दल पुढे.

आता ही एकाच जातीची आहेत हे कशावरून? आतली यंत्रणा बघा. तुमच्या प्रणालीतला पावतीचा ऑब्जेक्ट घ्या. क्लायंटला वाटतं की त्याच्या हातात पावतीचा ऑब्जेक्ट आहे. प्रत्यक्षात त्याच्या हातात असतो मधला प्रतिनिधी. ‘हप्ता जमा कर’ ही हाक आधी त्या प्रतिनिधीकडे जाते. तो बघतो की या ऑब्जेक्टला ट्रान्झॅक्शन लागतं असं जाहीर केलेलं आहे. चालू असेल तर त्यात सामील होतो, नसेल तर नवीन सुरू करतो. हाक मारणाऱ्याला परवानगी आहे का ते तपासतो. मग खरा ऑब्जेक्ट जागा करतो. ऑब्जेक्टने डेटाबेसचं कनेक्शन मागितलं की ते पूलमधून, म्हणजे तयार कनेक्शनच्या साठ्यातून, येतं आणि गुपचूप त्याच ट्रान्झॅक्शनला जोडलं जातं. मेथड संपली, ऑब्जेक्टने ‘माझं झालं’ म्हटलं, की प्रतिनिधी कमिट करतो आणि ऑब्जेक्ट मोकळा करतो. एमटीएसमध्ये ‘माझं झालं’ म्हणायला सेटकम्प्लीट आणि ‘मोडा’ म्हणायला सेटअबॉर्ट. ईजेबीमध्ये मेथड नीट परतली हेच ‘झालं’, आणि मोडायचं असेल तर सेटरोलबॅकओन्ली. शब्द वेगळे, चाल तीच. ट्रान्झॅक्शन कोडमध्ये लिहायचं नाही, बाहेर जाहीर करायचं, आणि मधल्या दलालाने ते हाकेच्या वाटेवर अमलात आणायचं. हे ज्या मिडलवेअरमध्ये आहे ते या जातीचं. ज्यात नाही ते नाही. नुसत्या रिमोट ऑब्जेक्टमध्ये हे नसतं, म्हणून तुमचा दुसरा सहकारी चुकतोय.

याचा एक खात्रीचा पुरावा म्हणजे सगळीकडे सारखाच असलेला खड्डा. ऑब्जेक्टने स्वतःचा थेट संदर्भ बाहेर दिला की मधला दलाल टळतो आणि सगळी जादू उतरते. म्हणून एमटीएसमध्ये ‘मी’ बाहेर देताना सेफरेफ वापरा असं बजावलेलं असे. ईजेबीमध्ये ‘धिस’ देऊ नका, कंटेनरकडून (ईजेबीचे कंपोनंट चालवणाऱ्या भागाकडून) आपला प्रतिनिधी मागून तो द्या, हा नियम. आणि स्प्रिंगमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी चावलेला प्रकार हाच: एकाच क्लासमधल्या एका मेथडने दुसरीला हाक मारली की दुसरीवरच्या ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनोटेशनचा काहीही परिणाम होत नाही. तीस वर्षांत दलालाचं नाव बदललं, त्याला वळसा घालायची वाट तीच राहिली.

नावांबद्दल. त्या काळी विश्लेषकांमध्ये दोन नावं चालत: ऑब्जेक्ट ट्रान्झॅक्शन मॉनिटर आणि कंपोनंट ट्रान्झॅक्शन मॉनिटर. दोन्हींचा अर्थ जवळपास एकच. मला दुसरं जास्त पटतं, कारण बसवायची, नियम जाहीर करायची आणि चालवायची वस्तू ऑब्जेक्ट नसून कंपोनंट असते. विक्रेत्यांना यातलं काहीच नको होतं. ‘मॉनिटर’ म्हटलं की ग्राहकाला मेनफ्रेम आठवे, आणि १९९९ च्या इंटरनेटच्या तेजीत मेनफ्रेमची आठवण करून देणं म्हणजे धंदा बुडवणं. त्यांनी ‘अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर’ हे ढगळ नाव उचललं, ज्यात वेब सर्व्हरपासून सगळं मावतं. तुमच्या पहिल्या सहकाऱ्याचा आक्षेप इथूनच येतो. वेबलॉजिक हे विकत घ्यायचं उत्पादन आहे, त्याला नाव आहे, कन्सोल आहे, परवान्याचं बिल आहे. कॉम प्लस ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात आहे, त्यामुळे ते वेगळं दिसतच नाही. दिसत नाही म्हणून नाही असं होत नाही.

यातूनच तुलनेची मोठी गल्लत त्या काळात होत असे आणि अजूनही होते. जे-टू-ईई (सर्व्हरसाठीचं जावा, ज्यात ईजेबी येतं) आणि कॉम प्लस यांची तुलना चुकीची आहे, कारण पहिलं अख्खं व्यासपीठ आणि दुसरं त्यातल्या एका खोलीएवढं. एका पातळीवरच्या गोष्टी शेजारी ठेवायच्या तर कॉम प्लससमोर ईजेबीचा कंटेनर, ट्रान्झॅक्शन सांभाळणाऱ्या डीटीसीसमोर जेटीए, निरोपांच्या रांगा चालवणाऱ्या एमएसएमक्यूसमोर जेएमएस, दूरच्या हाका नेणाऱ्या डीकॉमसमोर आरएमआय-आयआयओपी, आणि वेबपानं बनवणाऱ्या एएसपीसमोर सर्व्हलेट-जेएसपी. आणखी एक पाचर: ईजेबी हे कागदावरचं स्पेसिफिकेशन आहे, कॉम प्लस हे चालतं उत्पादन. स्पेसिफिकेशनची तुलना उत्पादनाशी केली की कागद नेहमी जास्त सुंदर दिसतो आणि उत्पादन नेहमी जास्त वेगवान. २००१-०२ मधलं ‘पेट स्टोअर’ प्रकरण याच गल्लतीचं. सनने जे-टू-ईईच्या रचना शिकवण्यासाठी पाळीव प्राण्यांच्या दुकानाचा नमुना लिहिला होता. मायक्रोसॉफ्टने तोच आपल्या नव्या डॉटनेट व्यासपीठावर लिहून आमचं कोड कमी आणि वेग जास्त असं जाहीर केलं. शिकवणीचं उदाहरण आणि वेगासाठी घासूनपुसून बसवलेलं उदाहरण यांची शर्यत लावल्यावर दुसरं काय होणार? भांडण बरंच चाललं, शहाणपण कोणाच्या फारसं पदरात पडलं नाही.

खरा मतभेद एकाच जागी होता: दोन हाकांच्या मधल्या काळात माहिती कुठे ठेवायची. बाकी सगळी तुलना दुय्यम.

एमटीएसचं मत कडक. ट्रान्झॅक्शन संपलं की ऑब्जेक्टची स्मृती संपली. क्लायंटच्या हातातला प्रतिनिधी कायम राहतो, पण आतला ऑब्जेक्ट सेटकम्प्लीटबरोबर विझतो आणि पुढच्या हाकेला नवा, कोरा जन्मतो. त्यामुळे मेथडला लागणारं सगळं प्रत्येक हाकेत द्यायचं. ऑब्जेक्टवर एकेक गुणधर्म लावत शेवटी ‘सेव्ह’ म्हणण्याची व्हीबीवाल्यांची सवय इथे मोडीत निघाली, आणि त्यांनी बराच काळ कुरकूर केली. ऑब्जेक्टची ओळख अशी काही उरतच नाही. उरतात ती कामं. टक्सीडोवाल्याने हे बघून म्हटलं असतं की हे तर आमचंच, फक्त कपडे ऑब्जेक्टचे. आणि ते खरं होतं.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो जुन्या डिझाइन-कागदपत्रांत हमखास सापडेल: ‘ऑब्जेक्ट पूलिंगमुळे एमटीएस गर्दी झेलतो’. एमटीएसने ऑब्जेक्ट पूलिंग कधी केलंच नाही. तो ऑब्जेक्टला ‘तुला पूलमध्ये ठेवू का’ असं विचारायचा, आणि उत्तर काहीही आलं तरी टाकून द्यायचा. खरं पूलिंग कॉम प्लसमध्ये आलं, पण व्हीबी ६ चे ऑब्जेक्ट अपार्टमेंट थ्रेडिंगचे (ज्या थ्रेडवर जन्मले त्यालाच बांधलेले) असल्याने त्यांना त्यात प्रवेश नव्हता. म्हणजे तुमच्या पावतीच्या ऑब्जेक्टचं पूलिंग आजतागायत झालेलं नाही. फायदा झाला तो डेटाबेस कनेक्शनच्या पूलिंगचा, आणि तोच मोठा होता.

ईजेबीने एका मताऐवजी तीन मतं दिली, म्हणजे तीन प्रकारच्या बीन (ईजेबीतल्या कंपोनंटचं नाव). स्टेटलेस सेशन बीन, जी जवळजवळ एमटीएसच. स्टेटफुल सेशन बीन, जी एका क्लायंटसाठी हाकांमध्ये स्मृती ठेवते. आणि एन्टिटी बीन, जी डेटाबेसातल्या ओळीला ऑब्जेक्टची कायमची ओळख देते. १९९८ मध्ये एन्टिटी बीन ऐच्छिक होती, डिसेंबर १९९९ च्या १.१ मध्ये ती सक्तीची झाली. आणि घोळ सुरू झाला.

एन्टिटी बीनमागची कल्पना सुंदर होती यात शंका नाही. पॉलिसी क्रमांक दिला की पॉलिसीचा ऑब्जेक्ट मिळतो, तो कुठल्याही क्लायंटकडून तोच, आणि डेटाबेसच्या एसक्यूएल क्वेरी कंटेनर लिहितो. व्यवहारात काय व्हायचं? क्लायंटने ट्रान्झॅक्शन सुरू न करता पॉलिसीचे दहा गुणधर्म वाचले, तर नेटवर्कवर दहा हाका, दहा ट्रान्झॅक्शनं, आणि प्रत्येक वेळी डेटाबेसातून ती ओळ पुन्हा वाचणं. शोधाने शंभर पॉलिसी सापडल्या, तर आधी शंभर किल्ल्या आणणारी एक क्वेरी आणि मग एकेकीसाठी एकेक, अशा एकशे एक. यावर उतारा म्हणून माणसांनी समोर स्टेटलेस सेशन बीनचा दर्शनी भाग उभा केला आणि माहिती गठ्ठ्याने नेणारे साधे ऑब्जेक्ट केले. म्हणजे एन्टिटी बीन वापरायची ती कोणाला दिसू नये अशा बेताने! या उपायांना ‘पॅटर्न’ असं भारदस्त नाव मिळालं. माझ्या मते ती मॉडेलच्या दुखण्यावर बांधलेली फडकी होती. २००१ च्या ईजेबी २.० मध्ये लोकल इंटरफेस (नेटवर्कशिवायच्या हाका) आले आणि बीनमधल्या नात्यांची नीट व्यवस्था झाली, तेव्हा थोडा जीव आला. तुमचे दावे याच आवृत्तीत आहेत, हे नशीब. २००६ मध्ये ईजेबी ३.० ने जेपीए (ऑब्जेक्ट डेटाबेसात साठवण्याचं मानक) आणून एन्टिटीला साध्या, कंटेनरबाहेरही चालणाऱ्या क्लासचं रूप दिलं, आणि २०१३ च्या जावा ईई ७ मध्ये जुनी एन्टिटी बीन पुन्हा ऐच्छिक झाली. वर्तुळ पुरं व्हायला पंधरा वर्षं लागली.

म्हणून स्मृतीच्या प्रश्नावर मी एमटीएसच्या बाजूचा. पण त्याच्या कडकपणात एक स्वतःचं विष होतं: आयसोलेशन, म्हणजे एकाच वेळी चालणारी ट्रान्झॅक्शनं एकमेकांपासून किती अलग ठेवायची ते. एमटीएस आणि विंडोज २००० मधलं कॉम प्लस प्रत्येक ट्रान्झॅक्शन सीरियलायझेबल या सगळ्यात कडक पातळीवर चालवत असे. निवड नव्हतीच. एसक्यूएल सर्व्हरवर याचा अर्थ नुसतं वाचणाऱ्यालाही कुलपं, तीही ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत, आणि महिनाअखेरीस डेडलॉकची (एकमेकांसाठी अडकून पडण्याची) रांग. पातळी बदलायची मुभा कॉम प्लस १.५ मध्ये, म्हणजे विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ पासून आली. ईजेबीने उलट टोक गाठलं. १.० मध्ये आयसोलेशन डिस्क्रिप्टरमध्ये (बसवतानाच्या नियमांच्या नोंदीत) लिहिता येई, १.१ मधून ते काढून टाकलं, आणि मग ज्याचा त्याचा विक्रेता व ज्याचा त्याचा डेटाबेस.

पोर्टेबिलिटीच्या भांडणावर फार शाई खर्चायची गरज नाही. एमटीएसमध्ये भाषा कुठलीही, ऑपरेटिंग सिस्टिम एकच. ईजेबीमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम कुठलीही, भाषा एकच. कोणाची मोकळीक मोठी हे ज्याच्या घरात जे आहे त्यावर ठरतं. ईजेबीचं ‘एकदा लिहा, कुठेही बसवा’ अर्धंच खरं होतं: बीनचा कोड दुसऱ्या सर्व्हरवर जाई, पण विक्रेत्याचा स्वतंत्र डिस्क्रिप्टर, क्लस्टरिंग, टेबलांशी जुळवणी हे सगळं मागेच राही. वेबलॉजिकवरून दुसरीकडे गेलेल्या कोणालाही विचारा. तरी एक फायदा खरा होता आणि त्याची जाहिरात कमी झाली. स्पर्धक बरेच असल्याने भाव खाली येत, फुकट पर्याय उभे राहत, आणि एका सर्व्हरवर शिकलेला माणूस दुसऱ्यावर आठवडाभरात कामाला लागे.

सीसीएम. तिसऱ्या सहकाऱ्याला सांगा की आठवण छान काढली. कागदावर तिघांत सगळ्यात विचारपूर्वक केलेलं मॉडेल तेच. कंपोनंट काय देतो ते ‘फॅसेट’, त्याला काय लागतं ते ‘रिसेप्टॅकल’, कोणत्या घटना सोडतो आणि कोणत्या घेतो, सगळं आधीच जाहीर. ईजेबी १.१ मधली बीन आपल्याला लागणारी वस्तू जेएनडीआय या जावाच्या नावनोंदणीच्या झाडात नाव घेऊन शोधत फिरायची. ‘मला काय लागतं ते मी सांगतो, जोडणी बाहेरच्याने करावी’ ही गोष्ट व्यावसायिक जावात रुळली ती मार्च २००४ च्या स्प्रिंग १.० च्या आसपास. सीसीएमची चूक वेळेची आणि वजनाची: भाषाही कुठलीही, ऑपरेटिंग सिस्टिमही कुठलीही, आणि ते साधायला स्वतःच्या आणखी वर्णन-भाषा. २००२ मध्ये कोणत्याही बड्या विक्रेत्याला ते बांधण्यात रस उरला नव्हता. पुढे सीआयएओसारख्या अंमलबजावण्यांमधून ते रिअल-टाइम आणि एम्बेडेड प्रणालींकडे वळलं. विम्याच्या धंद्यात ते तुम्हाला भेटणार नाही.

आता तुमच्या कामाचं. सगळ्यात आधी कोड वाचू नका, कॉम प्लसचा कॅटलॉग (कंपोनंट आणि त्यांच्या नियमांची नोंद) आणि ईजेबीचे डिस्क्रिप्टर वाचा. व्हीबी ६ मध्ये क्लासवर एमटीएस ट्रान्झॅक्शन मोड लिहिलेला असतो, पण तो फक्त बसवतानाचा प्रस्ताव असतो. नंतर कोणी प्रशासकाने कन्सोलमध्ये जाऊन तो बदलला असेल तर कोड खोटं बोलतोय आणि चालू सर्व्हर खरं. म्हणून प्रत्यक्ष चालू असलेल्या सर्व्हरवरचा कॉम प्लस कॅटलॉग उतरवून घ्या आणि प्रत्येक कंपोनंटचा ट्रान्झॅक्शन गुणधर्म कागदावर मांडा. ईजेबीकडे तसंच दोन्ही डिस्क्रिप्टरचं, प्रमाणित आणि वेबलॉजिकचं.

ते मांडताना एक फरक लक्षात ठेवा जो पुढे फार नडतो. कॉम प्लसमध्ये ट्रान्झॅक्शनचा गुणधर्म अख्ख्या क्लासला लागतो, ईजेबीमध्ये आणि स्प्रिंगमध्ये मेथडला. त्यामुळे जुन्या व्हीबी प्रणालींत एकाच विषयाचे दोन क्लास दिसतात, एक वाचणारा, एक लिहिणारा, आणि बहुधा तिसरा नोंदवहीत लिहिणारा, ज्याला ‘नवीन ट्रान्झॅक्शन हवं’ असं लावलेलं असतं. स्थलांतर करणाऱ्या हुशार मुलाला वाटतं की हा वेडेपणा आहे, आता मेथडवर लावता येतं, तर तिन्ही क्लास एक करू. एक केले की नोंदवहीची मेथड त्याच क्लासमधून हाकली जाते, दलाल टळतो, नवीन ट्रान्झॅक्शन सुरूच होत नाही, आणि पावती फसली की फसल्याची नोंदही तिच्याबरोबर पुसली जाते. चाचणीत हे दिसत नाही, कारण चाचणीत पावती सहसा फसत नाही. नोंदवहीचा क्लास वेगळाच ठेवा.

याच्या उलटाही प्रकार शोधा. व्हीबी ६ मध्ये त्याच डीएलएल फाइलमधला क्लास ‘न्यू’ने निर्माण केला असेल तर तो कॉमला न विचारता आतल्या आत जन्मतो. त्याला स्वतःचा कॉन्टेक्स्ट, म्हणजे दलालाचं कवच, मिळत नाही आणि कॅटलॉगमध्ये काहीही लिहिलेलं असलं तरी ते लागू होत नाही. क्रिएटऑब्जेक्टने केलेला असेल तरच लागतं. एमटीएसच्या काळातला कोड शिल्लक असेल तर तिथे क्रिएटइन्स्टन्स दिसेल. एमटीएसमध्ये क्रिएटऑब्जेक्ट पुरत नसे. म्हणजे कॅटलॉगमध्ये ‘नवीन ट्रान्झॅक्शन’ लिहिलंय, पण वीस वर्षं ते घडलेलंच नाही, असं एखादं प्रकरण निघू शकतं. ते नव्या प्रणालीत ‘दुरुस्त’ करायचं की आहे तसं ठेवायचं, हा निर्णय हिशेब विभागाला विचारून घ्या, स्वतः घेऊ नका.

आयसोलेशनचं वर आलंच. सीरियलायझेबलच्या छत्राखाली वाढलेल्या कोडमध्ये ‘सगळ्यात मोठा पावती क्रमांक काढ, त्यात एक मिळव, लिही’ अशा ओळी बिनधास्त असतात. तिथे त्या चालतात: दोन पावत्या एकदम आल्याच तर एक थांबते किंवा डेडलॉकमध्ये बळी जाते, पण क्रमांक दुबार होत नाही. रीड कमिटेड या सैल पातळीवर गेल्यावर दोन काउंटरवर एकाच क्रमांकाच्या पावत्या निघतील. असे क्रमांक डेटाबेसच्या सीक्वेन्सवर (क्रमांक देणाऱ्या यंत्रणेवर) न्या, आणि क्रमांकात खाडे चालणार नाहीत असा नियम असेल तर त्या टेबलाच्या ओळीवर स्पष्ट कुलूप घ्या. अख्खी प्रणाली सीरियलायझेबलवर ठेवून सुटका करून घेऊ नका.

रोलबॅक कशाने होतो हेही तिन्हीकडे एकसारखं नाही. ईजेबीमध्ये सिस्टिम एक्सेप्शन (यंत्रणेतल्या गडबडीचा इशारा) आलं की रोलबॅक, पण तुम्ही घोषित केलेलं व्यवसायाचं एक्सेप्शन आलं तर कमिट होतो, जोवर कोणी सेटरोलबॅकओन्ली म्हणत नाही. स्प्रिंगही मूळ सेटिंगमध्ये असंच वागतं: रनटाइम एक्सेप्शनवर रोलबॅक, चेक्डवर (मेथडने आधी घोषित करावं लागतं त्यावर) नाही. तेव्हा दाव्यांचा भाग हलवताना ‘जुनी चेक्ड एक्सेप्शन्स कटकटीची आहेत, सगळी रनटाइम करून टाकू’ असं कोणी म्हटलं तर त्याला थांबवा. त्या एका बदलाने जिथे कमिट होत होतं तिथे रोलबॅक होऊ लागेल. व्हीबीच्या बाजूला सेटकम्प्लीट आणि सेटअबॉर्ट दोन्ही विसरलेल्या मेथड शोधा. तिथे ऑब्जेक्ट ट्रान्झॅक्शन पोटात घेऊन तसाच बसतो, क्लायंटने सोडेपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत. कॉम प्लसची मूळ मुदत ६० सेकंद, वेबलॉजिकची ३०. नव्या प्रणालीत मुदत मुद्दाम ठरवा, नाही तर रात्रीच्या लांबच लांब बॅचला कधी कोण मारेल ते कळणार नाही.

दोन डेटाबेस एका ट्रान्झॅक्शनमध्ये असतील तर तेही आताच शोधा. डीटीसी आणि वेबलॉजिक दोघंही टू-फेज कमिट (दोन्ही डेटाबेसांना आधी विचारून मग एकदम पक्कं करणं) न सांगता करून टाकतात, त्यामुळे आपण ते वापरतोय हे टीमला ठाऊकही नसतं. स्प्रिंगचा नेहमीचा ट्रान्झॅक्शन मॅनेजर एका डेटासोर्सपुरता बघतो. दुसरा डेटाबेस त्याच मेथडमध्ये असला तरी त्याच्या कक्षेबाहेर असतो. आणि कोणी सुचवलं की हप्त्यांचा भाग डॉटनेटवर नेऊ, तर हे जाणून असा की नव्या, विंडोजपुरत्या न राहिलेल्या डॉटनेटमध्ये वितरित ट्रान्झॅक्शन बराच काळ नव्हतीच. ती २०२२ च्या डॉटनेट ७ मध्ये परतली, तीही फक्त विंडोजवर.

राहिलं ते दोन्ही बाजूंमधलं टेबल. सगळं एका स्प्रिंग बूटमध्ये येणार म्हटल्यावर पहिला प्रस्ताव ते काढून टाकून थेट मेथड हाकायचा येईल, कारण दिसायला ते सगळ्यात गबाळं आहे. माझं मत उलट आहे. तुमच्या प्रणालीत ट्रान्झॅक्शनची हद्द उघड्या डोळ्यांनी दिसते ती याच एका ठिकाणी: इकडे पावती आणि टेबलातली ओळ एका ट्रान्झॅक्शनमध्ये, तिकडे ओळ उचलणं आणि दाव्याची नोंद दुसऱ्यात. यांतली एक बाजू पडली तरी दुसरी उभी राहते. ते ठेवा. फक्त उचलणाऱ्या बाजूने तीच ओळ दोनदा आली तर दुसऱ्यांदा काही करू नये, एवढी तपासणी आज आहे का ते बघा, आणि नसेल तर ती स्थलांतराच्या आधी, जुन्या कोडमध्येच घाला. मग हप्ते आणि दावे एकाच रात्री हलवायची सक्ती राहत नाही. आधी दावे हलवा, टेबलाच्या पलीकडे कॉम प्लस जसं आहे तसं चालू द्या, एक पूर्ण महिनाअखेर जाऊ द्या, आणि मगच पावत्यांना हात लावा.